मनकर्णाबाईंची दाढ

चुलीवर गव्हाचा चीक होता. कुरड्यांचा चीक घट्ट व्हायला लागला की हात थांबवून चालत नाही. थांबला की गुठळ्या झाल्याच. जेठ महिना, ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरड्या पडायला हव्यात, म्हणून मी पहाटेपासून चुलीपुढे होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"बघता का कोण आहे?" मी आतूनच म्हटलं.

"कोर्टाला सुट्टी आहे. माझ्याकडे कोण येतंय? तुझ्याकडचंच कुणी असेल," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. आमचे यजमान गोपाळकृष्ण वकील वर्तमानपत्र हातात असलं म्हणजे घरात असून घरात नसतात.

कडी पुन्हा वाजली. मी पातेलं खाली उतरवलं आणि गेले. त्या दिवशीचा चीक बिघडला तो बिघडलाच.

दारात महादेवराव उभे होते. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालत. दर्यापूरहून पहाटेच्या मोटारीनं आलेल्या माणसाचं धोतर काळं झाल्याशिवाय राहत नसे. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई. लुगड्याच्या पदरानं डोक्यापासून हनुवटीपर्यंत सगळं गुंडाळलेलं, नुसते डोळे बाहेर. ते डोळे इतके शिणलेले होते की 'या' म्हणायच्या आधी माझ्या तोंडून 'बसा' निघालं, आणि त्या तिथेच, उंबऱ्याबाहेरच्या ओट्यावर बसल्या.

महादेवराव दर्यापूर तालुक्यातले. काळी जमीन, कपाशी, गावात शब्दाला वजन. बांधाच्या एका जुन्या दाव्यामुळे त्यांचं आमच्याकडे येणंजाणं सुरू झालं. दावा केव्हाच निकालात निघाला, येणं राहिलं. कोर्टाच्या तारखेला नवऱ्याबरोबर येणारी शेतकऱ्याघरची बाई मी ही एकटीच पाहिली. "तारीख त्याहिची, बाजार माहा," असं म्हणायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि हसणं असं की शेजारच्या विमलताई भिंतीपलीकडून विचारत, "आज दर्यापूर आलं वाटतं?" आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, फुटाणे फोडत, कुणाचा गोऱ्हा कुणाच्या तुरीत शिरला आणि त्यावरून कुणाची सोयरीक मोडली, हे त्या अशा सांगत की माझी पोळी तव्यावर करपायची.

ते हसणं कधी कमी झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका खेपेला मी फुटाणे पुढे केले तर त्यांनी पदराला बांधून ठेवले, "घरी खाईन." पुढच्या हिवाळ्यात हुरडा आणला तो फक्त आमच्यासाठी. मग हसताना पदर तोंडावर जायला लागला. आणि काही दिवसांनी पदर होता तिथेच राहिला, हसणं गेलं. बोलायच्या त्या मान वळवून, भिंतीशी बोलल्यासारखं. मुलाचं, चंद्रभानचं, लग्न ठरलं, आता सासू होणार, मर्यादा आली बाईला, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं असतं. पण पाणी पिताना त्या मान डावीकडे कलती करत, उजव्या बाजूला थेंब जाऊ नये म्हणून. मर्यादेसाठी कुणी मान वाकडी करून पाणी पीत नाही.

तर त्या सकाळी महादेवराव आत येऊन बसले आणि पाणी पिऊन होताच कामाचं बोलले.

"साहेब, एक नोटीस काढा लागते. आमचे इवाई नत्थुजी, अकोल्याकडचे. त्याहिच्या नावानं."

"व्याह्यांना नोटीस?" वकिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"चंद्रभानची बायको आखजीच्या सणाले माहेरी गेली. आता मिरूग येऊन राहिला, पेरणीचे दिवस, तरी तिले धाडून नाही राहिले. मानसावर मानूस पाठवला. चंद्रभान सोता गेला. त्याले जेवू घातलं अन् वापस लावून देलं."

"कारण काय सांगतात?"

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं नाही, पण तिला ऐकू जाईल इतका आवाज चढवला. "म्हनते, इहीनबाई लग्नात आमच्या मांडवात जेवल्या नाहीत. घरी गेल्यावर आमच्या पोरीच्या हातचं खात नाहीत, तिच्यासंगं धड बोलत नाहीत. आमच्या कुळाले काही बट्टा हाये का ते एकदा सांगा. नसन तर इहीनबाईनं माह्या घरी यावं, चार लोकात बसून जमुनाच्या हातचं जेवावं, अन् पोरगी घेऊन जावं."

"मग जेवून या. एवढ्यासाठी नोटीस कशाला?"

"म्हनजे? आमी पोराकडचे अन् आमीच परीक्षा द्याची?"

ओट्यावर मनकर्णाबाईंची मान जोरजोरानं हलली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्या पदरात समजलं नाही.

नत्थुजींचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही. सुनेच्या हातचं अन्न सासू घेत नाही म्हटल्यावर गाव एकच गोष्ट धरतं: मुलीच्या घराण्यात काहीतरी लपवलेलं सासूला कळलंय. त्या घरात अजून धाकट्या मुली लग्नाच्या असतील तर त्यांचंही कठीण. बापानं तोंड मिटून बसावं तरी किती?

मी मनकर्णाबाईंना आत घेऊन गेले. त्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी बसल्या. मी बिघडलेल्या चिकातच दूध-साखर घातली, निववला, वाटी पुढे ठेवली. लहान मुलांनाही गिळता येईल इतका मऊ. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग पदर सोडला.

उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. ओठांच्या कोपऱ्यापासून गालावर काळा ओघळ, त्याभोवती फोड, काही फुटलेले. तोंडातून येणारा वास उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पोचला.

"हे काय लावलंत?"

"बिबा."

बिबा दिव्यावर तापवून सुईनं टोचला की तेल येतं. पायात काटा मोडला, टाच भेगाळली, तर वऱ्हाडात तेच लावतात. दाढेत एक थेंब सोडायचा म्हणून त्यांनी तो एकटीनं, गोठ्याच्या अंधारात, आरसा न घेता सोडला. तेल हिरडीवर, गालाच्या आतून आणि बाहेरून उतरलं.

"गोठ्यात काहून?" मीही त्यांच्यासारखंच विचारलं.

"घरात कोनी पाह्यलं तर म्हनन, चाला डाक्तरकडे."

एवढ्यात महादेवरावांचा बाहेरून आवाज आला. "दाढ हाये तिची. बायाइले होतच असते. होईन बरं."

मनकर्णाबाईंनी वाटी उचलली, मान कलती केली आणि चीक थोडा थोडा डाव्या बाजूनं आत जाऊ दिला. चावणं नव्हतंच. एक वाटी संपायला जितका वेळ लागला तितक्यात मी दुसरा चीक शिजवून कुरड्या घालून आले असते. संपल्यावर त्या दमून भिंतीला टेकल्या. जेवून माणूस ताजं होतं. त्या जेवून थकल्या होत्या.

"किती दिवस असं चाललंय?"

"दिवस कायचे, वो. चंद्रभान शाळंत होता तवापासून." मग भिंतीकडे तोंड करून तुटक तुटक सांगायला लागल्या. आधी लवंग धरली. मग मशेरी वाढवली. मशेरीनं दात बधिर होतात, दुखणं तिथल्या तिथं राहतं. मग बाजारात किडे काढणारी बाई बसते तिच्याकडे गेल्या. तिनं भुईरिंगणीच्या बियांची धुरी नळीतून दाढेला दिली आणि ताटलीतल्या पाण्यात किडे दाखवले. "पांढरे, बारीक. म्या माह्या डोळ्यानं पाह्यले. किडे निंघाले, दुखनं काही निंघालं नाही."

"आणि लग्नात काय झालं?"

हे विचारायला नको होतं असं क्षणभर वाटलं, कारण त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. पण मग पदराआडूनच सांगितलं.

विहिणीची पंगत बसली होती. मांडवात बायकांची रांग, मधोमध वरमाय म्हणून या. भोवती रांगोळी, उदबत्त्या, समोर पान. पुरणपोळी, वडे, कुरड्या, भजी. नत्थुजींची बायको तुपाची तांबली घेऊन उभी. तूप ऊन होतं. पुरणाचा पहिला घास तुपासकट उजव्या दाढेवर गेला आणि त्यांना मांडवाचे खांब फिरताना दिसले. घास गिळला, हात पानाबाहेर काढून मांडीवर ठेवला. गाणाऱ्या बायका थांबल्या. कुणीतरी म्हणालं, इहीन रुसली.

लग्नात विहीण रुसायचीच असते. ते लोक तर त्याची वाटच बघत होते. लुगडं आलं, खण आला. यांनी मान हलवली. साखर भरवायला आले, यांनी ओठ आवळले. जितकी विनवणी वाढली तितकं तोंड उघडणं अशक्य झालं. शेवटी नत्थुजी स्वतः आले, डोक्यावरची पगडी उतरवून त्यांच्या पानासमोर जमिनीवर ठेवली आणि हात जोडले.

"बुढा मानूस, वो. पांढरे केस. मांडवात उघड्या डोक्यानं उभा. मले वाटे, धरतीनं पोटात घ्यावं."

"तेव्हा तरी सांगायचं, दाढ दुखते म्हणून."

"मांडवातच माहे जेठ होते, याहिचे मोठे भाऊ. त्याहिनं म्हनलं असतं, बलवा न्हाव्याले. इथीच काढून टाका." त्यांनी गालाला हात लावला. "चंद्रभानच्या टायमाले चार दिवस अडली होती मी, तवा नाही भेली. पर दात काढनं म्हनलं का माहे पाय गारठतात."

आणि घरी आल्यावर? घरी जमुना ताट वाढायची, शेवया करून घालायची, या ताट घेऊन गोठ्याकडे जायच्या आणि भाकरी दुधात कुसकरून, कुणी बघत नाही ना पाहून, कशीतरी गिळायच्या. उरलेलं गाईला. एकदा जमुनानं गाईपुढे आपल्या हातच्या शेवया पाहिल्या.

"पोरगी लय चांगली हाये. पाय दाबाले बसे, तं मी पाय ओढून घेओ. जवळ आली तर वास येईन तिले, म्हनून. एक दिवस इचारलं तिनं मले, आत्याबाई, माह्या हातचं चालत नाही का? म्या नुसता हात हलवला. तोंड उघडलं नाही." पदर डोळ्यांपर्यंत वर गेला. "आखजीले गेली तवा पाया पडली, तोंडाकडे पाह्यलं नाही तिनं."

मी दुपारी जेवताना हे सगळं वकिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग नोटीस कुणाच्या नावानं काढू? दाढेच्या?"

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. नत्थुजींच्या जागी मी असतो तर मीही मुलगी पाठवली नसती." त्यांनी महादेवरावांना हाक मारली आणि सरळ सांगून टाकलं.

महादेवराव बायकोकडे वळले. "म्हनजे त्या मानसानं पगडी ठेवली ते तुह्या दाढेपाई? अन् मी गावभर सांगत फिरलो, आमच्या घरच्या रुसव्यानं इवायाची पगडी उतरवली म्हनून."

मग ते वकिलांकडे वळले.

"शेतात नाग निंघाला तर शेपटीले धरून बांधावर फेकते ही, साहेब. इचारा कोनालेही. अन् दाताले भेते."

"आता नत्थुजींना खरं कळवा," वकील म्हणाले.

"कोन मानन? म्हनतीन, सुनीले घरी न्यासाठी आता दाढेचा बहाना केला." महादेवरावांनी कपाळ पुसलं. "नाही साहेब. आता तिले तठी जाऊन जेवाच लागते. सगळ्याइच्या देखत. त्याबिगर पोरगी येत नाही."

खरंच होतं ते. आणि त्या तोंडानं चार लोकांसमोर पंगतीत जेवणं शक्य नव्हतं. नत्थुजींकडचे लोक घासाघासावर डोळा ठेवून बसणार; पहिल्याच घासाला बाई पुन्हा हात काढून घेणार, आणि मग पाठवणीचं नावसुद्धा कुणी काढणार नाही.

मोर्शी रस्त्याला दाताचे एक डॉक्टर नुकते आले होते, कमलाकांत म्हणून, कलकत्त्याला शिकलेले. ऊन उतरल्यावर आम्ही टांगा केला. वाटेत मनकर्णाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. जिन्यावर लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास येत होता. त्या कठडा धरून वर आल्या, दारापर्यंत आल्या. आत लोखंडी खुर्ची, मान टेकायला दोन लहान उशा, बाजूला शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं यंत्र, आणि काचेच्या कपाटात प्लास्टरचा एक उघडा जबडा, बत्तीस दातांचा.

"तो कोनाचा हाये?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा नाही हो, शिकण्यासाठी केलेला—" मी सांगते आहे तोवर त्या वळल्या होत्या. जिना उतरताना पायातली वहाण निसटली ती उचलायलासुद्धा थांबल्या नाहीत. खाली टांग्यात जाऊन, दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या.

"काय झालं माय," टांगेवाल्यानं विचारलं, "डाक्तर चावला का?"

महादेवराव त्याच्यावर ओरडले, मग बायकोवर ओरडले, आणि मग रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. मी वहाण हातात घेऊन वर गेले. डॉक्टर हसले नाहीत. तरुण माणूस, पण दिवसभराचा थकवा चेहऱ्यावर होता.

"गेल्या महिन्यात एक फौजदार याच खुर्चीतून पळाले," ते म्हणाले. "बाई, लोक इथं येतात ते सगळं करून थकल्यावर. एक दाढ किडलेली असते तेव्हा कुणी येत नाही. चार शेजारणी गेल्यावर येतात, आणि मग म्हणतात डॉक्टरनं सगळे दात काढले."

मी सूज आणि बिब्याचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. गोळ्या दिल्या, चूळ भरायचं औषध दिलं, भाजलेल्या गालाला मलम दिलं. "सूज उतरल्याशिवाय मी तरी हात लावणार नाही. तोवर मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. आणि मशेरी बंद. उतरली की आणा, येत असतील तर."

महादेवराव मोटारीनं गावी गेले, पेरणीची तयारी होती. मनकर्णाबाई आमच्याकडे राहिल्या. मीठ-पाणी, गोळ्या, मऊ भात, ताकाची कढी. सूज हळूहळू उतरली. ठणका कमी झाला तशी मला भीतीच वाटली, की आता त्या म्हणतील, बरी झाली, जातो घरी. आणि त्या म्हणाल्याच. गच्चीवर कुरड्या उरल्यासुरल्या उन्हात सरकवत होतो आम्ही, संध्याकाळची वेळ.

"आता नाही दुखत, वकीलीनबाई."

"पुन्हा दुखेल."

"हाव," त्यांनी लगेच कबूल केलं. "दुखनच." एक कुरडई हातात घेऊन त्या बघत राहिल्या. कुरकुरीत वाळलेली. "मले लय आवडे हे. तळलेली. आवाज येते ना खाताना, तो."

मग आपणहूनच लहानपणचं सांगितलं. माहेर त्याच तालुक्यातलं. दर्यापूरच्या बाजारात दात काढणारा यायचा, गळ्यात काढलेल्या दातांची माळ, सोबत डफडं वाजवणारा एक. दात काढताना तो डफडं जोरानं वाजवायचा, रडणं बाजूच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. या तेव्हा परकरातल्या. दुखत होती मागची. त्यानं पुढची, चांगली, काढली. मग मागचीही काढली. बापानं घरी जाताना खांद्यावर बसवलं आणि गुळाच्या पाकातली गुडीशेव घेऊन दिली. "त्याले वाटे, मी खाईन. दातच नव्हते ना चावाले." हे सांगताना त्या किंचित हसल्या, आणि पदर तोंडावर गेला.

"कमलाकांत डॉक्टर आधी सुईनं बधिर करतात," मी म्हटलं. "दुखते तीच दाढ काढतात की नाही ते मी बघीन."

"तुमी पाहान, हाव." सावली पुढे सरकली, आम्ही चटई सरकवली. खालच्या रस्त्यावरून गाई घरी जात होत्या. "जमुनाले घरी असताना एक शब्द चांगला नाही बोलली मी. वाईटही नाही बोलली. बोललीच नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्याच्याले जाऊ. त्याहिले निरोप द्या. माह्या मनाचं काय हाये, परवा पलटून जाईन."

संध्याकाळच्या शेवटच्या मोटारीबरोबर निरोप गेला आणि महादेवराव सकाळच्या मोटारीनं आले. या वेळी जिन्यावर मनकर्णाबाई पुढे होत्या, आम्ही मागे. कपाटाकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी काचेचं दार आधीच वर्तमानपत्रानं झाकून टाकलं होतं, ते माझ्या लक्षात आलं. त्यांनी खुर्चीत बसवून आरसा तोंडात धरला, बघितलं, आणि सगळं नीट सांगितलं: ही दाढ आज, तिच्या शेजारच्या दोन पुढच्या खेपेला, समोरचे वाचतील. डावी बाजू चांगली आहे. हिरड्या भरून आल्या की पंगतीत बसता येईल, सावकाश खाल्लं तर.

"पुरनपोळी?" मनकर्णाबाईंनी पदर पुन्हा तोंडावर ओढून विचारलं.

"पुरणपोळी, हो. वडे डाव्या बाजूनं."

"तूप नको म्हना त्याहिले. ऊन."

"थंड तूप घ्या," डॉक्टर म्हणाले आणि सुईत औषध भरायला वळले.

तशी कंपाउंडर पुढे आला. रोगी खुर्चीत बसला की मागून त्याचे दंड धरायचे, ही त्याची रोजची रीत असणार. त्यानं कुणाला विचारलं नाही. एक हात त्यानं धरला. दुसरा हात, आपणही काहीतरी करावं म्हणून, महादेवरावांनी धरला. "उलीसं दम धर, चंद्रभानची माय," ते म्हणाले. खरंच मायेनं म्हणाले.

मनकर्णाबाईंचा चेहरा पांढरा पडला. पाय खुर्चीवरून खाली यायला लागले. मला वाटलं, गेल्या त्या आता. पुन्हा जिना, पुन्हा टांगा. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असावं, ते सुई हातात घेऊन थांबले.

पण त्या उठल्या नाहीत. धरलेल्या हातांकडे त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. हात मोकळे नव्हते म्हणून मान झटकून तोंडावरचा पदर बाजूला केला. इतक्या वर्षांत, परक्या माणसांसमोर, सगळं तोंड उघडं ठेवून त्या बोलल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

"डाक्तरसाहेब, तवा बाजारात बापानं अन् काकानं मले असंच धरलं होतं. मी सोडा सोडा म्हनत होती, पर तोंडात त्याचा हात, कोनाले समजत नव्हतं." त्यांनी श्वास घेतला. "मी हालत नाही. रडत नाही. तुमी सुई टोचा, दाढ काढा, काय करा लागते ते करा. फक्त माहे हात कोनी धरू नोका."